पाच पोती भुसा, अखंड

गाळा क्र. १४, मुलुंड (पश्चिम)
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

श्रीमती हेमांगी टपके यांस,
नमस्कार.

आपली ओळख नाही. मी मार्तंड खांबेटे यांचा धाकटा भाऊ, अनिरुद्ध. त्यांना तुम्ही सगळे भाऊ म्हणत असाल. मीही भाऊच म्हणत असे. १९ डिसेंबरला सकाळी ते गेले. चहा पिऊन झाल्यावर गेले, एवढं एक बरं झालं.

त्यांच्या टेबलाच्या खणात एक कागद सापडला. वर 'उपनगर परस्पर कच्चा माल सहकार मंडळ' असं छापलं आहे आणि खाली कोणाच्या कारखान्यातला टाकाऊ माल कोणाच्या कामाला येईल याची यादी आहे. आमच्या नावापुढे लिहिलं आहे: 'खांबेटे बंधू, पॅकिंगची लाकडी खोकी. दर शनिवारी पाच पोती भुसा, वेसाव्याच्या सागरकन्या मच्छी संस्थेला, बर्फ टिकवण्यासाठी. अखंड.' 'अखंड' हा शब्द भाऊंच्या अक्षरात आहे. त्याखाली दोन रेघा आहेत.

भाऊंचा शब्द मोडायचा नाही, एवढं मी ठरवलं आहे. उद्या मंडळाच्या टेम्पोतून पाच पोती येतील. मधल्या तीन शनिवारी आली नाहीत त्याबद्दल माफी असावी. पूर्वी भाऊ स्वतः येत, मला ते जमणार नाही. मी फारसा बोलत नाही. आम्ही दोघेच असायचो. बोलणं ते करत, स्वयंपाक मी करत असे. फोनवर तर मला काहीच सुचत नाही, म्हणून पत्र. टेम्पोवाला विकी आणून देईल.

एक सांगायचं राहिलं. शनिवारी भाऊंचा मारुतीचा कडक उपास असे. सकाळी तुमच्याकडे यायला निघत, संध्याकाळी परतत आणि रात्री पाण्याखेरीज काही घेत नसत. अडुसष्टाव्या वर्षी, एवढ्या लांब जाऊन येऊन. तो उपास आता मी धरला आहे. तुम्ही त्यांना कधी खाण्याचा आग्रह करून अडचणीत टाकलं नाहीत, त्याबद्दल आभार.

आपला,
अनिरुद्ध खांबेटे


वेसावे कोळीवाडा, अंधेरी (पश्चिम)
सोमवार, १३ जानेवारी

अनिरुद्धकाका,

काका म्हटलं तर चालेल ना? श्रीमती वगैरे मला आजवर फक्त बँकेने म्हटलंय.

भाऊ गेल्याचं आम्हाला मंडळाच्या ग्रुपवर कळलं. त्या दिवशी शेवंतीआत्याने धंदा लावलाच नाही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. संस्थेची कागदपत्रं मी बघते, पण संस्था म्हणजे तीच. एकसष्ट वर्षांची आहे आणि तिचा आवाज जुहूपर्यंत जातो. त्या दिवशी दुपारपर्यंत गप्प होती. माणसं विचारायला आली, बरं नाही का म्हणून.

तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. उपासापर्यंत आले आणि तिने पदर तोंडाला लावला, आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. दुःख कोणाला कसं येतं, सांगता येत नाही.

भुसा मिळाला. पाच पोती बघून आम्ही जरा बघतच राहिलो. बर्फ झकास राहील. आग्रहाचं म्हणाल तर आम्ही भाऊंना आग्रह कधी केला नाही, हे अगदी खरं आहे. तशी वेळच आली नाही.

उपास एवढा कडक करू नका असं आत्या म्हणते. का, ते तिला विचारू नका.

हेमांगी


मुलुंड
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हेमांगीताई,

पाच शनिवार झाले. पाच पोत्यांच्या खाली एकदाही गेलो नाही.

एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगतो. आमच्याकडे आठवड्याला जेमतेम दीड पोतं भुसा पडतो. ज्यांच्या मशिनांना आम्ही खोकी करत होतो, ते कारखाने एकेक करून भिवंडीकडे गेले. भाऊ पाच पोती कुठून आणत, मला समजत नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पहिल्या शनिवारी मी जुनी खोकी कापून भुसा केला. दुसऱ्या शनिवारी माळ्याच्या फळ्या. तिसऱ्या शनिवारी मांडणी. आता सामान जमिनीवर आहे. चौथ्या आठवड्यात मात्र देव पावला. घाटकोपरचे धवलभाई, मंडळाचे चिटणीस, त्यांच्याकडून दाबलेल्या भुशाचे आठ बोर्ड आले. फुकट. सोबत चिठ्ठी: 'भाऊंच्या स्मरणार्थ.' आता दर बुधवारी येतात. का पाठवतात हे कळत नाही, पण दुखवट्याच्या वस्तूला नको म्हणू नये. खोक्याला त्यांचा उपयोग नाही, खिळा धरत नाहीत. म्हणून मी ते करवतीवर घालतो. एका बोर्डाचा अर्धं पोतं भुसा होतो.

दुसरी गोष्ट. पंधरा दिवस आमच्या गाळ्यासमोर मांजरं येऊन बसतात. सात आहेत. मी शटर उघडायच्या आधी हजर असतात आणि आत बघत राहतात. भाऊंना मांजरं आवडत नसत, पण मांजरांना ते माहीत नसावं. मी त्यांना हाकलत नाही. भेटायला आलेल्यांना कसं हाकलायचं?

उपास ठीक चालू आहे. शनिवारी संध्याकाळी थोडं गरगरतं. भाऊ मात्र शनिवारी फार ताजेतवाने परतत. त्यांची श्रद्धा मोठी होती.

अनिरुद्ध


वेसावे
सोमवार, १७ फेब्रुवारी

काका,

मांजरं भाऊंसाठीच येत असतील. आमच्याकडेही त्यांच्या भोवती बसायची.

तुम्ही मांडणी कापलीत हे वाचून मला जेवण गेलं नाही. ऐका ना, पाचच पोती हवीत असं काही नाही. चार चालतील. तीन चालतील. एक आलं तरी खूप, खरं तर एकसुद्धा

हे वाक्य आत्याने मध्येच थांबवलं. पेन काढून घेतलं हातातून. "त्याचा भाऊस गेलाय," म्हणाली, "नि तू त्याचा भुसा बी काढून घेतंस काय गो?" आता ती अंगणात गेली म्हणून पुढे लिहितेय.

तब्येत सांभाळा. शनिवारी निदान केळं खा. मारुतीला केळं चालतं.

हेमांगी


उपनगर परस्पर कच्चा माल सहकार मंडळ
घाटकोपर (पूर्व)
१७ मार्च २०२५

मा. खांबेटेसाहेब,

आनंदाची बातमी देतो. आपल्या मंडळाने आजपर्यंत चौतीस वर्तुळं सुरू केली. म्हणजे तुमचा कचरा त्याचा माल, त्याचा कचरा पुढच्याचा माल, असं फिरत फिरत परत पहिल्याकडे. चौतीसपैकी तेहेतीस तुटली. बेकरीची राख भांडीवाल्याने तीन दिवस घेतली. शिंप्यांच्या चिंध्या गादीवाल्याला रंगीत नको होत्या. नारळाच्या शेंड्यांवरून चेंबूर आणि दहिसरमध्ये बोलणं बंद आहे.

फक्त एक वर्तुळ जानेवारीपासून एक दिवस तुटलं नाही: मुलुंड, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, परत मुलुंड. याला मी भाऊंचा आशीर्वाद मानतो.

शनिवार २९ मार्चला पाच जिल्ह्यांतून पाहुणे हे वर्तुळ बघायला येत आहेत. सुरुवात तुमच्या गाळ्यापासून. बघायला बरं दिसावं म्हणून त्या दिवशी पाचऐवजी आठ पोती ठेवावीत. दोन शब्द बोलायची तयारी ठेवावी. नकाशा जोडला आहे. बाण हिरवे केले आहेत.

आपला,
धवल शहा
चिटणीस


मुलुंड
शुक्रवार, २१ मार्च

चि. हेमांगी,

धवलभाईंचं पत्र तुलाही आलं असेल. आठ पोती हवी आहेत आणि मी दोन शब्द बोलायचे आहेत. पोत्यांची काळजी मला कमी वाटते.

नकाशा पाहिला. शेवटचा बाण फिरून आमच्याकडेच येतो. छपाईची चूक असावी.

या बुधवारी बोर्ड तीनच आले. होळीला शेजारच्या गाळ्यातले लोक लाकूड मागायला आले होते. आत बघून मुकाट्याने परत गेले. मग त्यांनीच मला एक मोडकं बाकडं आणून दिलं. तेही कापलं. सगळं धरून पुढच्या शनिवारपर्यंत सात पोती आणि वर थोडं, एवढं होईल.

आता गाळ्यात लाकडाची एकच वस्तू उरली आहे. भाऊंची खुर्ची. शिसवी आहे, हातांची. ते दाराशी टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. मी आत मशीनवर असे आणि मला सगळं ऐकू येई, म्हणून मला बाहेर जावं लागत नसे. तिचा पाऊण पोतं भुसा होईल. हलक्या हाताने भरलं तर आठवं पोतं भरलेलं दिसेल. सोमवारी करवतीला धार लावून आणतो आणि कापतो. त्यांची वस्तू त्यांच्याच शब्दासाठी जाईल, असा विचार केला. विचार बरोबर आहे असं दिवसा वाटतं.

सोबत कागदात गुंडाळून एक वस्तू पाठवली आहे. बोर्ड कापताना आत सापडली. नखाएवढी आहे, चकाकते. मला अभ्रक वाटलं, पण एका मांजराने ती फार भक्तिभावाने चाटली. तुझ्या आत्यांना काही सांगता येईल का?

अनिरुद्धकाका


वेसावे
शनिवार, २२ मार्च

काका,

खुर्चीला हात लावू नका. हे आधी लिहिते. बाकीचं वाचेपर्यंत मशीन बंद ठेवा.

तुम्हाला सात वेळा फोन केला. सातही वेळा नुसता वाजत राहिला. विकी म्हणतो, तुम्ही फोन हरवू नये म्हणून घरी कपाटात ठेवता. उद्या तुमचा गाळा बंद, म्हणून हे पत्र तो सोमवारी सकाळी घेऊन येईल. त्याला सांगितलंय, काका पत्र वाचेपर्यंत हलायचं नाही.

तुम्ही पाठवलेली वस्तू आत्याने उजेडात धरली आणि म्हणाली, "रावस." तो रावसाचा खवला आहे. तुमच्या लाकडात रावस कसा गेला ते सांगते.

आम्ही बर्फाला भुसा वापरत नाही. दोन वर्षं झाली. मोठ्या प्लास्टिकच्या पेट्या आल्यात, त्यात बर्फ दोन दिवस राहतो. भाऊंना हे माहीत होतं. पाच पोती फक्त मंडळाच्या कागदावर होती. ते काखेत एक पोतं मारून यायचे, आत्याच्या पाटीशेजारी टाकायचे आणि त्यावर बसायचे. दुपारपर्यंत. तेच पोतं परत घेऊन जायचे, तेच पुढच्या शनिवारी आणायचे. आत्या ओरडायची, "भाऊ, माल दे नायतर गिऱ्हाइकांना वाट दे." ते म्हणायचे, "शेवंताबाई, मी अखंड पुरवठा करतोय, तुम्ही तक्रार करू नका."

मग जानेवारीत तुमची पाच पोती आली. पाच. मी परत पाठवणार होते. आत्या म्हणाली, "घे गो. नाय बोलू नको. दुखातला मानूस हाय." घेतली. दुसऱ्या शनिवारी पुन्हा पाच. आम्हाला घरात पाय ठेवायला जागा राहीना. बोरिवलीला गंधालीताईंची नर्सरी आहे, त्या आमच्याकडून माशांची घाण खताला नेतात. त्याच गाडीत भुसा चढवला आणि सांगितलं, भाऊंच्या भावाने पाठवलाय. ताज्या भुशाने त्यांची रोपं पिवळी पडतात. पण त्यांनाही नाही म्हणवेना. त्यांनी तो धवलभाईंना दिला. धवलभाईंनी दाबून बोर्ड केले. माशांच्या वासाचा बोर्ड कोण घेणार, एकही खपला नाही. तेवढ्यात त्यांना वाटलं, बिचारे अनिरुद्धभाऊ एकटे आहेत, त्यांच्या कामाला येतील.

म्हणजे दोन महिने तुम्ही तुमचाच भुसा कापताय, काका. बाण बरोबर आहे.

मांजरांचंही आता तुम्हाला कळलं असेल.

आणि उपास. हे मी लिहिणार नव्हते, पण आत्या म्हणते आता सगळंच सांग. भाऊंनी आमच्याकडे एकाही शनिवारी उपास केला नाही. तांदळाच्या दोन भाकऱ्या, रावसाच्या नाहीतर सुरमईच्या चार तुकड्या, वर सोलकढी. म्हणून रात्री त्यांना जेवण नको असायचं. तुम्ही घरी मासे चालवून घेणार नाही अशी त्यांना भीती होती. "माझा धाकटा फार सरळ आहे," म्हणायचे, "त्याला सांगितलं तर तो काही बोलणार नाही, आणि ते मला सोसणार नाही."

आम्ही खोटं बोललो. सगळ्यांनीच. रागावा, पण खुर्ची ठेवा.

हेमांगी


मुलुंड
सोमवार, ३१ मार्च

चि. हेमांगी,

विकी आला तेव्हा खुर्चीचा एक पाय कापून झाला होता. उरलेले तीन आहेत. पत्र वाचताना मी तिच्यावरच बसलो. सवयीने मागे टेकलो आणि पडलो. विकीने उचललं. लागलं नाही.

पत्र पुन्हा वाचलं. मग मला हसू आलं. १९ डिसेंबरनंतर पहिल्यांदा आलं, त्यामुळे लवकर थांबेना. मांजरं उठून उभी राहिली. विकीने पाणी आणलं.

राग आला नाही असं नाही. भाऊंनी मला सांगायला हवं होतं. मी अकरा शनिवार उपाशी राहिलो, आणि त्याआधी कितीतरी शनिवार त्यांच्यासाठी साबुदाणा भिजवून ठेवत असे, की म्हाताऱ्याने मन बदललं तर. रविवारी सकाळी तो मीच खायचो. तुमच्यावर मात्र राग नाही. चार ठिकाणच्या माणसांनी नको असलेली वस्तू इतके आठवडे आदराने एकमेकांकडे पोचवली. अशी व्यवस्था ठरवून कोणाला बसवता आली नसती.

परवाचं सांगतो. पाहुणे अकराजण आले. मी सात पोती मांडली होती. आठवं ठेवलं नाही. धवलभाईंनी नकाशा दाखवला. नाशिकच्या एका बाईंनी विचारलं, "या वर्तुळातून शेवटी बाहेर काय पडतं?" धवलभाईंनी माझ्याकडे बोट केलं. दोन शब्द हेच असावेत असं समजून मी म्हणालो, "काही पडत नाही. तेच लाकूड फिरतं. मी ते चार वेळा तरी कापलं आहे."

धवलभाई भिंतीला टेकले. पाहुण्यांनी मात्र वह्या काढल्या. एकाने लिहिलेलं मला दिसलं: 'गळती शून्य.' मग टाळ्या वाजल्या.

त्या बाई तेवढ्याने फसल्या नाहीत. त्या दाराशी उभ्या राहून मांजरं बघत होत्या. सातही एकाच बोर्डाला नखं घासत होती आणि शेजारची साधी फळी कोणी हुंगतही नव्हतं. त्यांची बहीण कांदिवलीला तीस मांजरं सांभाळते. त्यांनी तिथेच बारा बोर्ड मागितले, आणि वास असाच ठेवा असं बजावलं. धवलभाई भिंतीपासून सुटे झाले. आता तुमच्याकडून त्यांना खवले हवे आहेत, मुद्दाम मिसळायला. माझा दीड पोतं भुसा त्यांना पुरेल म्हणतात. जेवढा पडेल तेवढाच. मुद्दाम कापायचा नाही, असं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं.

खुर्चीला चौथा पाय बसवला. साग मिळाला, शिसव नाही. वेगळा दिसतो. आज सकाळी मी तिच्यावर दाराशी बसून पाहिलं. पाचजण येऊन बोलून गेले. मी 'हो' म्हणालो, बहुतेकांना तेवढं पुरतं.

तू नको म्हणणार नसशील तर शनिवारी येईन म्हणतो. भाऊ बसत ती जागा बघायची आहे. एक पोतं आणीन, बसण्यापुरतं. मासा मी आजवर खाल्लेला नाही. काटा लागला तर काय करायचं हे आत्यांना विचारून ठेव.

अनिरुद्धकाका


वेसावे
बुधवार, २ एप्रिल

काका,

या. आत्या म्हणते पहिल्या दिवशी काटे ती काढून देईल, दुसऱ्या शनिवारपासून तुमचे तुम्ही. आणि तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल, ती दोघांचं बोलते.

पोतं आणू नका. शेवटच्या शनिवारी भाऊ जाताना आत्याला म्हणाले होते, "आज राहू दे इथेच, पुढच्या वेळी आहेच." ते तिच्या पाटीशेजारी तसंच आहे. साडेतीन महिने तिने त्यावर कोणाला बसू दिलेलं नाही. परवा मी चुकून टेकले तर कोयता उगारला.

बारापर्यंत पोचा. सकाळी घरून काही खाऊन निघू नका. तेवढा उपास चालेल.

हेमांगी